तिघींची ज्योत

रामलिंगाकडं जाणाऱ्या रस्त्याला विजेचे खांब आहेत, तेच आमचं मैदान. दोन खांब जीव तोडून पळायचं, एक खांब हळूहळू, श्वास जागेवर येईस्तोवर. मग पुन्हा दोन. निवेदिता याला इंटर्व्हल म्हणते. ती पोलीस भरतीची तयारी करतेय, म्हणून पळण्यात तिचा शब्द शेवटचा. जगदेवीताई याला छळ म्हणते.

"आज किती येळा?" ताईनं विचारलं.

"कालच्याएवढं. वर एक."

"वर एक कशाला? तुझी भरती हाय, माझं काय?"

"दमल्यावर जे पळतो तेच खरं, ताई. पहिले दोन खांब तर कुणीबी पळतंय."

ताईचं माहेर उमरग्याच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. दम संपला की तिची मराठीही संपते. "साकु गं बाई, साकु," पुरे झालं म्हणत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कठड्यावरची माकडं आमच्याकडं बघत होती.

"बघ, हसायलीत," ताई म्हणाली.

"हसू द्या. त्यांना तरी कुठं भरतीला जायचंय?" निवेदिता म्हणाली.

मी हसले आणि घराकडं वळले. माझा कैवल्य आठ महिन्यांचा. तो झोपेत असतो तेवढ्यातच माझं पळणं. त्याच्या जागं व्हायच्या सुमाराला छाती दुधानं भरून येते, आणि परतीच्या वाटेवर माझा वेग आपोआप वाढतो. निवेदिता म्हणते, "वहिनी, तुमाला कोच नको. लेकरू पुरे."

त्याच दिवशी वळता वळता मी मनातलं बोलून टाकलं. "औंदा तुळजापूरची ज्योत आपण आणायची."



आमच्या गावात घटस्थापनेला पोरं तुळजापूरहून ज्योत आणतात. आळीपाळीनं पळत, मशाल एका हातातून दुसऱ्या हातात देत. एकदा पेटली की ती वाटेत थांबवायची नाही, भुईला टेकवायची नाही. गावात पोचली की तिच्यावरच देवीपुढचा नऊ दिवसांचा दिवा लागतो. बायकांनी वेशीवर औक्षणाचं ताट धरून उभं राहायचं. सून म्हणून आले तेव्हापासून मी ताटच धरलंय. दरवर्षी माझे पाय आतल्या आत वळवळायचे.

ज्योत आणणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष माझाच दीर, श्रीनाथ. त्याला विचारलं तर तो हसला.

"वहिनी, चूल न्हाय ही. मशाल हाय."

"चूल मी रोज पेटवते, भावजी. तुमी मशाल वर्षातून एकदा."

"विझली मंग? अपशकुन कुणाच्या माथी? त्यात तुमी बाळंतीण."

"आठ महिने झाले. शाळेत जाईपर्यंत बाळंतीणच म्हणणार का?"

"मंडळाची ज्योत बायांच्या हातात देणार न्हाय. विषय संपला."

"मग आमची येगळी आणतो," मी म्हटलं.

घरी सासूबाई वाट बघतच होत्या. या आमच्या कमलबाईंच्या कानाला बातमीचा वारा आधी लागतो. "पळून पळून दूध आटंल तुझं. मंग माझ्या नातवाला काय पाजशील, ती मशाल?"

"तो संगं येणार हाय, आत्या. वाटेत पाजते."

"मंग मी बी येणार. तुमच्या भरवशावर त्याला सोडत नसते."

अशा त्या आल्या. आमच्यासाठी नव्हे, दुधावर पहारा ठेवायला.

घटस्थापनेच्या पहाटे तुळजापुरात मशाल पेटवली आणि निघालो. एकीनं पळायचं, दोघींनी मागच्या रिक्षात बसायचं. रिक्षा ताईच्या नवऱ्याची. वीरप्पादाजी आमच्या पायांच्या चालीनं रिक्षा हाकत होते.

"हे इंटर्व्हलच हाय," निवेदिता म्हणाली. "खांब तेवढे वाढलेत."

तिचं खरं होतं. फक्त माझ्या हळू खांबाला उसंत नव्हती. मशाल ताईच्या हातात दिली की मी रिक्षात चढायची. सासूबाई माझा घाम पदरानं पुसायच्या, दोन घोट पाणी पाजायच्या आणि कैवल्यला माझ्या मांडीवर टाकायच्या. तो पीत असताना त्याची इवली मूठ माझं बोट धरायची, आणि रिक्षापुढं ताईची वेणी उडताना दिसायची. तो झोपला की पुन्हा माझी पाळी. ऊन चढलं, पोटऱ्या दगड झाल्या.

"आटलं का?" सासूबाईंनी मला नाही, कैवल्यला विचारलं. त्यानं ढेकर दिली.

धाराशिव मागं पडलं आणि मंडळाचा टेम्पो गाणी वाजवत शेजारून गेला. मशाल टेम्पोच्या दांडीला बांधलेली, पोरं फाळक्यावर पाय सोडून बसलेली. तुळजापुरातून निघताना व्हिडिओसाठी सगळे वाघ मागं लागल्यासारखे सुटले होते. कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आले, कुणाला उलट्या झाल्या. श्रीनाथनं आमच्याकडं बघितलं नाही.

"पहिले दोनच खांब पळाले वाटतं," ताई म्हणाली.

गावाच्या वेशीवर मशाल माझ्या हातात होती. पुढं हलगी वाजत होती, बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. वेशीबाहेर वेळ काढत बसलेली टेम्पोतली पोरं आता खाली उतरून नुकतीच पळत आल्यासारखी ओळीत लागली होती, सगळा रस्ता अडवून. श्रीनाथ लंगडत माझ्याकडं आला.

"वहिनी, जरा थांबा," तो हळूच म्हणाला. "मंडळाची ज्योत आधी जाऊ द्या. मंग तुमी या निवांत."

पुढं वाट नव्हती आणि थांबायचं नव्हतं. मी जागच्या जागी पाय उचलत राहिले. "ज्योत वाटेत थांबत न्हाय, भावजी."

"ते मला ठाव हाय."

"मंग तुमची धाराशिवापासून कशी बसून आली?"

ओळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. श्रीनाथचा चेहरा उतरला. "गावासमोर माझी इज्जत जाईल, वहिनी."

मला त्याचं वाईट वाटलं. माझ्या लेकराला खांद्यावर घेऊन फिरवणारा माणूस तो. पण मागं ताई पाय धरून बसली होती, निवेदिताच्या टाचेला फोड आले होते, आणि ते सगळं आता माझ्या मुठीत जळत होतं.

"मंग पळा माझ्या बरोबरीनं," मी म्हटलं. "वाट द्यायची तर द्या. न्हाय दिली तर मी मधनं जाणार हाय."

तो हलला नाही. तेवढ्यात रिक्षातून सासूबाईंचा आवाज आला. "श्रीनाथा, हो बाजूला. लेकरू भुकेजलंय. तिला लवकर मोकळी होऊ दे."

आईपुढं त्याचं काय चालणार. तो सरला, तशी ओळ फुटली. मी सुटले. हलगीवाल्याचा हात क्षणभर थांबला आणि मग असा सुटला की मला पायांची आठवणच राहिली नाही.

देवळात गुरवानं माझ्या मशालीवर वात धरली. दिवा लागला. मागून मंडळाची मशाल आली तेव्हा तो म्हणाला, "दिवा लागलाय, बाबा. ही ठेव शेजारी."

मी पायरीवरच बसले आणि कैवल्यला जवळ घेतलं. घामाच्या खारटपणानं त्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग डोळे मिटून ओढायला लागला. दूध वाहत होतं, गालावरून ओघळत होतं.

"सूनबाई," पारावरचे बाबूराव खाकरले, "आत जाऊन पाज. इथं माणसं हायती."

"असू द्या की," मी म्हटलं. "तुमीच जरा तिकडं बघा."