एकदाच म्हणायचा शब्द

मार्गशीर्षातलं कोवळं, केशरी ऊन सातपुड्याच्या कड्यांवरून उतरत होतं. सागाच्या जून पानांवरून, कुडाच्या भिंतींवरून, नदीच्या नीलश्यामल डोहावरून. डोह शांत होता. इतका शांत, की यानं कधी कुणाचं काही नेलं असेल, असं मनातही येऊ नये.

त्यानं नेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी रेवलीचा चार वर्षांचा नुऱ्या, तिचं एकुलतं एक लेकरू, याच पाण्यात गेला होता.

रेवलीच्या पाड्याची एक रीत होती. लेकराला जवळ बोलावण्याचा प्रत्येक आईचा स्वतःचा एक शब्द. एकाक्षरी, एका श्वासाचा. लेकरू गेलं, की आई तो ओठांआड मिटून ठेवते. शेळीला नाही, शेजारच्या पोराला नाही, कुणालाच तो पुन्हा म्हणत नाही. स्वतःच्या मरणघडीला तेवढा एकदा म्हणते. मग लेकरू येतं आणि आईचं बोट धरून तिला घेऊन जातं. मध्येच कुणासाठी वापरला, तर तो संपला.

प्राध्यापक यशवंत निजसुरे त्याच शब्दासाठी तिसऱ्या वर्षी आले होते. जगभरचे इवले इवले शब्द जमवायचे, त्यांची कुळं-मुळं शोधायची, हा त्यांचा ध्यास. मराठीचा ये, हिंदीचा आ, कानडीचा बा, तमिळचा वा, तेलुगूचा रा. ते म्हणत, बोलावण्याचा शब्द असा तोकडाच जन्मतो, कारण लेकरामागे धावणाऱ्या आईजवळ तेवढाच श्वास उरलेला असतो. किती सुंदर विचार! आणि असा विचार करणारा माणूस किती निर्दय असावा!

"रेवलीबाई, एकदाच. हळूच सांगा."

"नाय दादा. तो माझा नाय, नुऱ्याचा हाय. मी नुसता सांभाळते."

त्यांनी लुगडं आणलं, तिनं परत केलं. चहापूड तेवढी ठेवून घेतली.

या खेपेला त्यांनी आपली सहा वर्षांची लेक आणली, शाल्मली. लाल झग्याची, अखंड बडबडणारी. रेवली विरघळली. तिनं तिच्या केसांना तेल लावलं, तिला हरभरे भाजून दिले, मांडीवर निजवलं. चार दिवस त्या झोपडीत हसू नांदलं. निजसुरे ते पाहत होते. बाप म्हणून नव्हे.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी लेकीच्या कानात सांगितलं, "डोहाकाठच्या त्या हिरव्या खडकावर जा. आजीनं हाक मारेपर्यंत पुढे पुढे जात राहा. गंमत करू." आणि कुंपणाआड बसून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

लाल झगा. हिरवं शेवाळ. निळं, निळं पाणी. सुपात दाणे पाखडता पाखडता रेवलीनं मान वर केली. पोरीचा पाय सरकला. चाळीस वर्षं मिटलेले ओठ फाटले, आणि तो शब्द सुटला.

तो मी इथे लिहिणार नाही. एकदा चोरला गेला, तेवढं पुरे.

शाल्मली गर्रकन वळली, धावत आली, रेवलीच्या कुशीत शिरली. ती बोली तिला येत नव्हती. अर्थ मात्र कळला होता.

"मिळाला!" निजसुरे कुंपणाआडून उठले. आनंदाच्या भरात त्यांनी तिथल्या तिथे तो वाजवून दाखवला. पेटीतून स्वतःचाच आवाज आला, तेव्हा रेवलीला सगळं उमगलं. तिनं शिवी दिली नाही, शाप दिला नाही. आधी पोरीचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, "दादा, मी जायला लागले की सांगावा धाडीन. ही पेटी घेऊन ये. उशाशी वाजव. माझ्या तोंडात आता काय नाय उरलं. तुझ्या पेटीतल्यानं येईल कदाचित तो."

"येईन की," निजसुरे म्हणाले. बोलता बोलता ते पेटीची वायर गुंडाळत होते.

फाल्गुनात, पळस पेटले असताना, सांगावा आला. वनरक्षकानं चिठ्ठी पाठवली होती: म्हातारी दोन दिवसांची सोबती आहे, पेटी पेटी म्हणते. त्याच संध्याकाळी निजसुऱ्यांचं व्याख्यान होतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. परवा निघू, असं ठरवलं.

झगझगीत सभागृहात त्यांनी बटण दाबलं. हाक निघाली, व्याकुळ, धारदार, एका श्वासाची. श्रोते थरारले, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली शाल्मली मात्र उठली, धावत व्यासपीठावर चढली आणि पेटीमागे वाकून वाकून आजीला शोधू लागली. लोक कौतुकानं हसले.

तिकडे झोपडीत रेवली दाराकडे डोळे लावून पडली होती. ओठ उघडत होते, मिटत होते, रिकामे. पळसाचा लाल उजेड उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, विझला. पेटी आली नाही. नुऱ्या आला नाही. कुणी, कुणीच आलं नाही.