अधिकृत शीतगृह भागीदार

कार्डावरची अक्षरं उठावाची होती — अंगठा फिरवला की आपलं नाव आधी कातडीला कळे, मग डोळ्यांना. शारीक परकार, मार्केटिंग मॅनेजर. पाचशेचं खोकं, आणि वरची पंधरावीस कार्डं त्यातून गेलेली. म्हणजे ती कुणीतरी कुणालातरी दिली होती, किंचित वाकून, बहुधा दोन्ही हातांनी… शारीकने ती आज सकाळी पहिल्यांदाच पाहिली.

आखातातल्या, अल सुलैच्या या गोदामात तो अकरा वर्षं कॉम्प्रेसर दुरुस्त करत होता. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मार्केटिंग मॅनेजर, कारण तो आला त्या वर्षी कफीलकडे, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहायचं त्या मालकाकडे, तेवढाच एक व्हिसा उरला होता, आणि आमच्या कोकणातला माणूस व्हिसावर हुद्दा वाचत नाही, तारीख वाचतो. खोलीतला भिकू स्वयंपाकी म्हणून आला आणि वेल्डिंग करतो. समोरच्या खाटेवरचा कादिर कागदोपत्री घोड्यांचा मोतद्दार, तो फरश्या बसवतो. यात कुणाला काही वाटत नसे. कागदावरचा माणूस कागदावर राही, आपण आपल्या खाटेवर. दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं.

ते कारण चार वर्षांपूर्वी निघालं होतं, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कफीलचं हे गोदाम — तीन शीतखोल्या, त्यांतली एक कायमची बंद — इंग्लंडातल्या एका बड्या फुटबॉल क्लबाचं ‘अधिकृत शीतगृह भागीदार’ झालं होतं. वर्षाला दोन कोटी दहा लाख पौंड. क्लबाच्या मालकाचा मेहुणा हा कफीलचा भागीदार. आणि तिथल्या लीगचा नियम असा, की मालकाने स्वतःचाच पैसा नातेवाइकांच्या हातून जाहिरात म्हणून आत सरकवायचा नाही, बाजारात जो दर तोच. हा दर योग्य होता का, ते तपासणारे आज तीन वाजता व्हिडिओवर येणार होते. ज्याने दर ठरवला त्याच्याशीच त्यांना बोलायचं होतं. दर शारीक परकारने ठरवला होता.

कफीलचा पुतण्या उसामा त्याच्यासाठी कोट घेऊन आला. “तुम सिर्फ सच बोलो,” तो म्हणाला. “जो कागज में है, वही सच. दस मिनट. खलास.” मग कोटाची कॉलर सारखी करता करता, “तुम्हारा इकामा नौ दिन में खत्म है ना? हो जाएगा.” ही धमकी नव्हती. इतक्या मायेने त्याच्याशी इथे आजवर कुणी बोललंच नव्हतं.

फाइलीत ‘त्याची’ पत्रं होती. मशिनांची मॅन्युअलं वाचून वाचून त्याला इंग्रजी वाचता येई, आणि वाचता वाचता त्याला वाटलं, माणूस बरा आहे. नम्र, पण लाळघोटा नाही. क्लबाने दोन कोटी तीस लाख मागितले तेव्हा त्याने वीस लाख तोडले होते. फेब्रुवारीतल्या एका पत्रात कंबर धरल्यामुळे आठवडाभर उत्तर देता आलं नाही म्हणून माफी होती — आणि त्याच फेब्रुवारीत शारीक खरोखरच खाटेवर आडवा पडला होता… असू दे, कंबर कुणाची दुखत नाही? पण पुढच्या पत्रात लिहिलं होतं: आमच्या गावी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तिथे होडीवाल्याच्या घरच्या माणसाने पहिली बोली लावायची नसते, दर बिघडतो, म्हणून आम्हीही आधी परक्यांची बोली येऊ दिली.

हे अब्बा म्हणायचे. माझे अब्बा, हर्णैच्या वाळूत, ओल्या टोपल्यांमधे उभे राहून चाचाचा वर गेलेला हात खाली ओढताना — मी सात वर्षांचा, पायांना मीठ चिकटलेलं… हे मी कुणाला सांगितलं? हफीजाला नाही, बायकोला असल्या गोष्टी सांगायला दोन वर्षांतून एक महिना पुरत नाही. उसामाला? त्याने मला कधी विचारलं तर एवढंच, की खोली क्रमांक दोन गार का होत नाही.

जेवणाच्या सुट्टीत भिकू त्याचा कोट चिमटीत धरून बघत होता. “काय मॅनेजर, आमचं पण बघा काहीतरी.”

“गप रे.”

“हो म्हणून टाक की. गोऱ्यांचा बॉल, शेठचा पैसा. तुझी नुसती मान.”

“नूरैनची टीम खाली जाईल.”

“खाली म्हणजे?”

“खालच्या वर्गात.”

“म्हणजे नापास,” भिकूने भाकरी मोडली. “मग शिकवणी लावा तिला.”

त्याची मुलगी नूरैन दापोलीला दहावीत. इंग्लंडातल्या कुठल्याशा लहान गावाच्या क्लबापायी वेडी. त्या क्लबाने गोलकीपरवर ऐपतीबाहेर खर्च केला, तो लपवला नाही, आणि सहा गुण कापून घेतले. सकाळी तिचा मेसेज होता: ‘अब्बा, सिक्स पॉइंट्स. बिकॉज दे टोल्ड द ट्रुथ. अँड दोज फ्रीजर पीपल आर वन प्लेस अबव्ह अस.’ फ्रीजर पीपलचे गुण कापले, तर नूरैनचा क्लब वाचत होता. शारीकने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं.

तीन वाजता पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या; मागे खिडकी, खिडकीत पावसाने काळं पडलेलं झाड. उसामा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी चष्मा लावला, शारीककडे पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

“मिस्टर परकार,” त्या म्हणाल्या, “पुन्हा भेट झाली, बरं वाटलं.”

त्याने उसामाकडे पाहिलं. उसामाही त्याच्याकडेच पाहत होता, आणि त्याचा चेहरा, आयुष्यात पहिल्यांदा, उतरला होता — म्हणजे हे कागदात नव्हतं, हे त्याचंही काम नव्हतं.

“एकच प्रश्न राहिला होता,” बाई म्हणाल्या. “तो दर तुम्हाला स्वतःला योग्य वाटला होता का?”

भीती वाटायला हवी होती. ती येण्याची त्याने वाटही पाहिली. पण तिच्या जागी येत होता तो राग, तोही बाईंवर नाही, उसामावर नाही — त्या भल्या, नम्र, पाठदुख्या माणसावर. दोन कोटी दहा लाख? तीन खोल्या आणि त्यांतली एक बंद, असल्या धंद्याने मैदानाकडेच्या एका फळीवर नाव रंगवायला? मी असतो तर… आणि मीच तर होतो. अकरा वर्षांत त्याला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, आणि ठाम, पूर्ण वाक्यांत एक मत त्याच्या गळ्याशी येऊन उभं होतं, आणि ते दोघा परकारांतल्या कुणाचं हे त्याला सांगता येईना. बाईंनी वहीवर पेन टेकवलं. शारीक त्यांच्याइतक्याच कुतूहलाने, श्वास रोखून, मिस्टर परकार काय म्हणतात ते ऐकायला थांबला.