भुकेला कोळसा

वर

"खाली उतर, आर्लिस. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

फळं तोडायच्या तीन पायांच्या शिडीवर, अगदी टोकाजवळ आर्लिस उभी होती. शिडीचं टोक जिथे संपत होतं तिथेच ढिगाचं टोक होतं. ढीग तिच्या वडिलांच्या सफरचंदांच्या बागेचा. लाल डिलिशस जातीचं सफरचंद आता कुणाला नको होतं, म्हणून गेल्या हिवाळ्यात सगळी झाडं मुळासकट उपटली होती. वर्षभर वाळून फांद्या आता हाडांसारख्या वाजत होत्या.

अमेरिकेतल्या यकिमाच्या खोऱ्यात कुणाची बाग जाळायची असली की बोलावणं जात नाही. आज जाळायला परवानगी आहे की नाही, हे ज्या नंबरावर कळतं तिथे सकाळी सगळेच फोन लावतात, आणि 'जाळा' म्हटलं की थर्मास भरतात. मयताला जावं तसे येतात, फक्त खायला घेऊन. घरातला वडीलधारा ढिगाच्या बुडाशी डिझेल ओततो, काडी टाकतो, टोपी काढतो. मग ढीग दोन दिवस धुमसतो, खोऱ्यावर धूर बसून राहतो आणि मागे पांढरी राख उरते. बाग संपली.

इथे वडीलधारा म्हणजे रॉली, आर्लिसचा थोरला भाऊ. तो डिझेलचा डबा धरून खाली उभा होता आणि त्याची साठीला टेकलेली धाकटी बहीण ढिगाच्या माथ्यावर काटक्या रचत होती.

"अगं, आग खालून वर जाते. शेंबड्या पोराला पण कळतं."

"आज वरून खाली जाणार."

"का?"

"वर ज्वाळा असली की खालून निघालेला धूर तिच्यातच जळून जातो. लाकडाचा कोळसा होतो, राख नाही होत. शंभरदा सांगितलंय."

"आणि मी शंभरदा सांगितलंय की आपल्या बापानं—"

"बापानं या झाडांवर काय काय फवारलं, तेही सांग की लोकांना. आलेच आहेत तर ऐकून जातील."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती चेला नावाची बाई होती. फळं भरायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभी राहून तिचं आयुष्य गेलं होतं आणि आर्लिसच्या शेजारीच राहत होती. तिच्या काखेत मक्याच्या सालीत उकडलेल्या मेक्सिकन तमाल्यांचं पातेलं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं.

"रॉली," ती ओरडली, "लावू दे रे तिला. तुझं डिझेल वाचतंय, आमच्या तमाल्या गार होतायत."

आर्लिसनं काडी ओढली.

त्याखाली

भांडण ढिगाचं नव्हतं. भांडण ढिगामागच्या शेताचं होतं.

वडिलांनी ते दोघांना अर्धं अर्धं दिलं होतं, पण मध्ये कुंपण कधी पडलं नव्हतं. पेरणी एक, पाणी एक. आता बाग गेल्यावर शेत नुसतंच पडलं होतं. सफरचंदामागे सफरचंद त्या मातीत लागत नाही. नवी कलमं दुसऱ्या वर्षी माना टाकतात. आणि डोंगरावर बर्फ कमी, म्हणून कालव्याला पाणी कमी. रॉलीनं हिशेब सोपा केला होता: आपलं अर्धं एका कंपनीला पट्ट्यानं द्यायचं, ती तिथे सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा बांधणार. लोक त्यात जुने सोफे ठेवतात.

"पत्र्याची दारं," आर्लिस म्हणाली होती. "आपल्या शेतात पत्र्याची दारं लावणार तू."

"दारांना पाणी लागत नाही."

आर्लिस शाळेची बस चालवत असे. ऑगस्टच्या अखेरीला शाळा उघडते तेव्हा जंगलं पेटलेली असतात. सूर्य संत्र्यासारखा दिसतो आणि पोरं बसमध्ये चढता चढता खोकतात. दम्याच्या फवाऱ्याचा आवाज तिला आरशात न बघता ओळखू येई, कोणाचा आहे तो. एका सकाळी आठव्या सीटवरच्या मुलीनं विचारलं, हा धूर कुणाचा? जंगलाचा, आर्लिस म्हणाली. मुलगी म्हणाली, आणि हिवाळ्यातला? हिवाळ्यातला खोऱ्याचा होता. तिच्या घरचाही.

कोळशाचं तिनं तिथून मनावर घेतलं. बायोचार असं त्याचं पुस्तकी नाव. ती कोळसाच म्हणे. झाडानं हवेतून जे ओढून घेतलं ते जाळलं की परत हवेत. कोळसा करून पुरलं की पिढ्यान् पिढ्या मातीत. वर माती ओल धरते. गेल्या वसंतात तिनं छाटणीच्या फांद्यांचा कोळसा केला, कुटला, शेतात मिसळला आणि घेवडा पेरला.

घेवडा उगवला आणि पिवळा पडला. थोडाथोडका नाही. तिच्या बससारखा पिवळा. रस्त्यावरून दिसायचा.

खोरं काय म्हणालं

— आर्लिसनं शेतात शेगडी पुरलीये म्हणे.

— घेवडा भाजूनच काढणार असेल डायरेक्ट.

— बाई गाडी चांगली चालवते हो. गाडीच चालवावी.

— रॉली बिचारा.

या सगळ्यात फक्त शेवटचं आर्लिसला लागलं.

त्याच्याही खाली

उरलेला कोळसा तिनं रागारागानं हेन्कला देऊन टाकला. हेन्कचा रस्त्यापलीकडे दोनशे गाईंचा गोठा होता. त्यानं तो वासरांखाली पसरला, वास मरावा म्हणून, आणि भिजून चिखल झाला तेव्हा कुंपणाबाहेर ओढून टाकला. सप्टेंबरात त्या उकिरड्यातून एक भोपळ्याचा वेल निघाला. कुणी लावला नव्हता. तो कुंपण चढला, उतरला, हेन्कच्या जुन्या ट्रकच्या खिडकीतून आत शिरला. पानं एवढी काळीहिरवी की हेन्कची बायको म्हणाली, हे काही चांगलं लक्षण नाही.

आर्लिस त्या वेलापुढे बस उभी करून बसली. पोरं उतरून गेलेली होती.

मग तिला उमगलं आणि ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "अगं मूर्ख बाई, जेवायला कुठं घातलंस तू त्याला?"

नवा कोळसा उपाशी असतो. सगळा छिद्राछिद्रांचा, मातीत टाकला की मातीतलं आधी स्वतःच खाऊन बसतो, आणि घेवडा बघत राहतो. त्याला पुरण्याआधी पोटभर खायला घालायला हवं होतं. शेण, मूत, काय असेल ते.

ती रॉलीकडे गेली. आणखी एक हंगाम मागितला. मागताना उभीच राहिली, बसली नाही.

"एक," रॉली म्हणाला. "पण लोक पुन्हा आपल्याला हसले ना, आर्लिस, तर मी त्याच दिवशी कंपनीच्या कागदावर सही करणार. त्याच दिवशी."

"बरं."

पुन्हा वर

ढीग मेणबत्तीसारखा पेटला. ज्वाळा माथ्यावर बसली आणि सावकाश खाली उतरू लागली. धूर नव्हता. म्हणजे होता, आधी थोडासा. मग नुसती हवा थरथरत राहिली आणि तिच्यापलीकडे टेकड्या. लोक धुराच्या तयारीनं वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. हळूहळू एकेक जण वळला.

"धूर कुठाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. फसवणूक झाल्यासारखं.

रॉलीनं टोपी काढली होती, ती परत घालावी की नाही हे त्याला कळत नव्हतं. आर्लिसनं त्याच्याकडे पाहिलं. फांद्या ओळखू येत होत्या अजून. कुठल्याशा झाडावर दोघांनी लहानपणी फळी ठोकली होती. ते झाड यातच कुठेतरी होतं.

दुपारपर्यंत ढीग बसला. लालबुंद निखाऱ्यांचा घेर झाला आणि कडेला राखेची पातळ साय धरू लागली.

"आता," आर्लिस म्हणाली. "आता नाही विझवला तर राखच."

रॉलीला जणू याचीच वाट होती. "विझव की. कालवा एप्रिलपर्यंत कोरडा आहे. थुंकणार आहेस का?"

दोघं-चौघं हसले. आर्लिसनं फोन काढला.

"हेन्क, ये."

पॉपलरच्या झाडांच्या रांगेमागून हेन्कचा टँकर निघाला. गोठ्यातलं शेणाचं पाणी शेतात उडवायचा टँकर. खोऱ्यात तो कुणाला ओळखू येत नाही असं नाही. गर्दी न सांगता दोन पावलं मागे सरली.

हेन्कनं काच खाली केली. तो चर्चमधला वजनदार माणूस, रविवारी दानाची थाळी फिरवणारा. "आर्लिस, नक्की ना? माझी बायको उभी आहे तिथं."

"सोड."

"लोक उभे आहेत, आर्लिस, चांगले कपडे घालून—"

"हेन्क. सोड."

त्यानं सोडलं.

जे झालं ते खोऱ्यात अजून सांगतात. निखाऱ्यांनी शेण प्यायल्याचा आवाज. मग पांढऱ्या वाफेची भिंत. मग वारा, जो सकाळपासून गुणी होता, तो फिरला. तमाल्या टाकून माणसं पळाली. तमाल्या घेऊन चेला पळाली. हेन्कची बायको गाडीत बसून काचा वर करत होती आणि एक काच वर जात नव्हती. आणि आर्लिस, नाकाला रुमालसुद्धा न लावता, लांब दाताळं घेऊन त्या वाफेत शिरली होती, निखारे उलटेपालटे करत होती, आणि ओरडत होती, "इकडे, हेन्क! या कोपऱ्याला! पोटभर घाल त्याला, पोटभर!"

वाफ निवळली तेव्हा रॉली जिथे होता तिथेच उभा होता. बूट, विजार, हातातली टोपी, सगळं शेणानं माखलेलं. रस्त्यावर गाड्यांच्या रांगेतून हसण्याचा एकच लोळ येत होता. पोटं धरून हसत होते.

"झालं?" तो म्हणाला.

"रॉली, आत ये. धुऊन घे."

"त्याच दिवशी म्हणालो होतो."

"हो. म्हणाला होतास."

"बास करायचं असतं गं कधीतरी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

तो गाडीत बसायच्या आधी पायपुसण्यावर बूट पुसावेत तसे गवतावर पुसत राहिला, बराच वेळ. मग गेला, आणि सही केली.

बुडाशी

मार्चमध्ये आर्लिसनं कोळसा शेतात पसरला. सगळ्या शेतात.

"अगं तुझ्या अर्ध्यात टाक ना," चेला म्हणाली. "त्याचं तर गेलं."

"एका मातीत मी रेघ नाही ओढणार. त्या कंपनीवाल्यांना ओढायची तर ओढू देत."

त्यांनी ओढली. मे महिन्यात बुलडोझर आला, रॉलीच्या अर्ध्यावरची वरची काळी माती खरवडून ट्रकांत भरायला. पहिला ट्रक भरून निघाला तो आर्लिसपाशी थांबला, कारण ती वाटेत खुर्ची टाकून बसली होती. बसमध्ये पोरांना दटावताना बसे तशी, पाठ ताठ.

"बाई, बाजूला व्हा. ही माती शहरात जायचीय. बगिच्यासाठी."

"जमीन पट्ट्यानं दिली. माती नाही दिली. ती तिकडे ओत."

"मालकाला विचारावं लागेल."

"विचार."

ड्रायव्हरनं फोन लावला. तिला ट्रकच्या खिडकीतून रॉलीचा आवाज ऐकू आला, "तिच्या बाजूला टाका. सगळी."

हद्दीवर काळ्या मातीचा बांध झाला. त्याच्या पलीकडे जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे पत्र्याची दारं, पांढरी, एकसारखी. आर्लिसनं बांधावर वेलघेवडा लावला. तो हिरवा आला. सगळीकडे नाही, एका कोपऱ्यात, जिथे टँकरचं पाणी न पोचलेला कोळसा पडला होता, तिथे थोडा पिवळा होताच आणि तिनं तो उपटला नाही. बाकीचा जुलैत कुंपण चढला आणि पलीकडे उतरून दारांच्या कड्यांना लागला.

खोल्यांच्या कंपनीनं रॉलीला कळवलं: वेल काढून टाका, गिऱ्हाइकांची कुलपं उघडत नाहीत.

तो संध्याकाळी आला, मोठी कात्री घेऊन. आर्लिस आपल्या बाजूला पाण्याची नळी हलवत होती. तिनं मान वर केली. ढीग जाळला त्या फेब्रुवारीपासून दोघं बोलले नव्हते.

रॉलीनं वेल हातात धरला. पानं उलटी करून पाहिली, वडील बघायचे तशी, अंगठ्यानं. मग एक शेंग तोडली, विजारीला पुसली आणि कच्चीच खाल्ली. दुसरी तोडली. उभा राहून खात राहिला, दारांकडे पाठ करून, अंधारून येईपर्यंत.

गेला तेव्हा त्याचे दोन्ही खिसे फुगलेले होते.

कात्री कुंपणाला अडकवलेली राहिली. थंडी पडून वेल वाळले, झडले, तरी ती तिथेच होती. आर्लिसनं ती काढली नाही. फक्त गंजू नये म्हणून एकदा तेल लावलं.