पहिल्या अल्बममधलं तिसरं गाणं

वसुधाची वाचा गेली, त्याच्या आदल्या रविवारी तिने नवऱ्याला सांगितलं होतं की ती जूनमध्ये नाशिकला जाणार आहे आणि परत यायचा तिचा विचार नाही. सिंगापुरातल्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी, आमटी वाढता वाढता. भांडण वगैरे काही नव्हतं. ते दिवस केव्हाच मागे पडले होते. नाशिकच्या कॉलेजातली नोकरी सोडून ती सिंगापूरला आली ती दोनच वर्षांसाठी, असं ठरलं होतं. श्रीनिवासने कंपनीबरोबरचा करार दुसऱ्यांदा वाढवला, तेही तिला न विचारता, आणि ते तिला कळलं ऑफिसच्या पार्टीत, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून.

"बघू," श्रीनिवास म्हणाला. "जून यायला अवकाश आहे."

"मी विचारत नाहीये, श्री. सांगतेय."

त्याच आठवड्यात भाजी आणायला गेलेली वसुधा एलआरटी स्टेशनच्या जिन्याशी कोसळली. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला; उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. तिला सगळं कळत होतं. पण बोलायला तोंड उघडलं की "टा, टा" एवढंच बाहेर यायचं, आणि ते ऐकून तिचं तिलाच रडू फुटायचं.

मिस लिम नावाची तरुण थेरपिस्ट तिला पुन्हा बोलायला शिकवायला होती. तिने एकदा श्रीनिवासला विचारलं, "यांना कुठली गाणी तोंडपाठ आहेत? घरून घेऊन या. कधीकधी बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो."

शोधावं लागलंच नाही. टीव्हीशेजारच्या फळीवर वसुधाने एकाच गायिकेच्या सीडी मांडून ठेवल्या होत्या. नेरिस प्रोथरो, वेल्सची, घोगऱ्या पण भरलेल्या आवाजाची. तिचा पहिला अल्बम आला तेव्हा तो सिंगापूरच्या कॅफेकॅफेत वाजायचा. वसुधा तेव्हा इथे नवी होती, एकटीच फिरायची, आणि तिने तो इतका ऐकला की सीडीच्या डबीचा कोपरा झिजला. मग चार जादा गाणी घातलेली त्याचीच आवृत्ती तिने घेतली. नेरिस कुणालाही माहीत नव्हती तेव्हा तिने वेल्श भाषेत तीन गाण्यांची एक छोटी सीडी काढली होती. तीही वसुधाने परदेशातून मागवली. दुसरा अल्बम पडला. समीक्षकांनी तो झोडपला आणि त्यानंतर नेरिस गप्पच झाली. तिसरा आलाच नाही. वसुधा अधूनमधून नेटवर बघायची, नवीन काही आलंय का.

मिस लिमने पहिला अल्बम लावला. दोन गाणी वसुधा नुसती ऐकत राहिली. तिसरं सुरू झालं, ध्रुपद आलं आणि तिच्या तोंडून इंग्रजीतली अख्खी ओळ बाहेर पडली. सुरात, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. मिस लिमने टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता त्याला ओळीचा अर्थ लागला. दार सोड, मला जाऊ दे.

"गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं," मिस लिमने समजावलं. "चालीबरोबर शब्द आपोआप येतात. त्यात अर्थ असेलच असं नाही."

हे वाक्य श्रीनिवासने घट्ट धरून ठेवलं.

पण दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईसमोर वसुधा ते गाणं म्हणत नसे. श्रीनिवास ऑफिसातून आला, त्याने बूट काढले की म्हणायची. तीच ओळ, त्याच्या तोंडाकडे बघत. एका संध्याकाळी तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"वसू, हे सवयीनेच येतं ना तुझ्या तोंडात?"

तिने मान आडवी हलवली. मिस लिम म्हणाली होती की अशा पेशंटचं हो आणि नाही पुष्कळदा उलटंपालटं होतं. तेही त्याने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या अल्बमच्या दोन्ही सीडी त्याने बॅगेत घातल्या आणि ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. सीडी खराब झाली, असं मिस लिमला सांगितलं. घरात दुसरा अल्बम उरला, पण तो वसुधाला नीट पाठ नव्हता. राहिली ती वेल्श सीडी. ती तो रोज लावू लागला. वसुधा त्या गाण्यांचे शब्द म्हणायची, तोही शिकला, आणि दोघं सोफ्यावर शेजारी बसून एकत्र गाऊ लागले. त्या गाण्यांत काय म्हटलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. लग्नानंतर इतकं जवळ आपण कधी बसलो होतो, हे श्रीनिवासला आठवेना. ती सुधारतेय, असं तो ऑफिसात सांगायचा.

मग एकदा त्याने सीडी लावली, तेव्हा वसुधाने डावा हात लांब करून प्लेअर बंद केला. त्यानंतर ती गायली नाही. क्लिनिकमध्येही नाही. "टा, टा" सुद्धा थांबलं.

"घरी काही बदललंय का?" मिस लिमने काळजीने विचारलं.

"नाही," श्रीनिवास म्हणाला.

मे महिन्यात नाशिकहून वसुधाचा धाकटा भाऊ प्रबोध आला. बहिणीचा निर्जीव हात हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग त्याची नजर फळीवर गेली.

"दाजी, ताईचा तो पहिला अल्बम कुठंय? मला फोनवरून ऐकवायची."

"खराब झाला."

"हात्तिच्या, मोबाइलवर असेल की."

त्याने शोधून लावला. श्रीनिवास स्वयंपाकघरात चहा टाकत होता. तिसऱ्या गाण्याचं ध्रुपद आलं तेव्हा त्याने गॅस बंद केला. वसुधा गात होती. या वेळी श्रीनिवासकडे न बघता, प्रबोधचं मनगट आवळून. गाणं संपून चौथं सुरू झालं, तरी ती तीच ओळ म्हणत राहिली.

प्रबोधने मोबाइल बंद केला. "ती काय म्हणतेय, कळतंय ना तुम्हाला?"

"त्याला अर्थ नसतो. थेरपिस्ट म्हणाली."

"फेब्रुवारीत फोन केला होता तिने मला. सगळं सांगितलं होतं." तो बहिणीकडे वळला. "ताई, माझ्याबरोबर नाशिकला यायचंय?"

वसुधाने मान हलवली. हो.

"तिचं हो-नाही उलटं होतं, प्रबोध."

"मग उलटं विचारतो. ताई, इथेच राहायचंय?"

तिने मान आडवी हलवली. पुन्हा हलवली. प्रबोधने तिचा चेहरा आपल्या खांद्याशी धरला, तेव्हाच ती थांबली.

श्रीनिवासने तिकिटं काढली, विमानात व्हीलचेअरची सोय केली. निघायच्या दिवशी ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या सीडी आणून त्याने प्रबोधच्या हातात दिल्या. त्या धड होत्या. प्रबोधने त्या उलटसुलट करून पाहिल्या, बॅगेत ठेवल्या आणि बहिणीच्या पायात चप्पल घालायला वाकला. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं, असं श्रीनिवासला वाटलं.

पावसाळा सरता सरता प्रबोधचा फोन आला. ताई आता एकेक शब्द बोलते, मराठीतून, न गाता. पाणी म्हणते, आई म्हणते. भाताला नको म्हणते.

"माझं नाव?"

"अजून नाही घेतलं."

"मी बोलू तिच्याशी?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली, मग श्वास ऐकू आला. तिचाच. श्रीनिवास बोलत सुटला. मिस लिमने विचारलंय, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलंय, हात कसा आहे, व्यायाम करतेस ना, मी दिवाळीत येईन म्हणतो, तुला चालेल का, नाहीतर डिसेंबरात येईन, मला तुला काही सांगायचंय वसू, तेव्हा मी जे...

"बास," वसुधा म्हणाली.

अगदी स्वच्छ. पलीकडे फोन कुणीतरी तिच्याकडून काढून घेतला.