रिफ्लेक्सचा डबा

केशरबाईंनी तो डबा भंगारवाल्याच्या काट्यावर असा आपटला, की आधी चढवलेली रद्दी घसरून अंगणभर झाली.

"हे पयले न्या. पैशे नाही देल्ले तरी चालते."

भंगारवाल्यानं तो उलटापालटा करून पाहिला. मुठीएवढं काळं धातूचं खोकं, वर उभी भिंगाची नळी, आत तिरपा आरसा आणि पुढं वीतभर लांब लेन्स.

"काय हाय हे, मावशी?"

"पाप हाय," केशरबाई म्हणाल्या.

जठारपेठेतलं घर आज रिकामं व्हायचं होतं. म्हाताराम्हातारीनं अमरावतीला राजापेठेत लेकाकडे, ललितकडे राहायला जायचं, हे दिवाळीपासून ठरलेलं. केशरबाईंची अट एकच होती. हे डबडं अमरावतीला येणार असेल, तर त्या येणार नाहीत. तसं त्यांनी फोनवर सुनेलाही बजावलं होतं. तरी सकाळी कपाट आवरताना तो डबा नवऱ्याच्या धोतरांमध्ये नीट गुंडाळलेला सापडला, आणि त्यांचं डोकं फिरलं.

ललित टेम्पोवाल्याशी बोलून फाटकातून आत आला. डावा पाय आखूड असल्यानं तो प्रत्येक पावलाला किंचित झुकायचा. पन्नाशीतही ती चाल पाहिली, की केशरबाईंचा राग नव्यानं पेटायचा. त्यानं काट्यावरून डबा उचलला, भंगारवाल्याला रद्दी बांधून दिली आणि त्याला वाटेला लावलं.

"काहून परत घेतला?" केशरबाई ओरडल्या. "तुले लाज नाही वाटत? तुह्या पायाचा जीव घेतला त्यानं!"

फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांचे यजमान किसनराव सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. हेच, हेच केशरबाईंना सहन व्हायचं नाही. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या माणसानं चाळीस वर्षं एक शब्द परत दिला नव्हता.

चाळीस वर्षांपूर्वी किसनराव धारणीला पोस्टमास्तर होते. अमरावतीतल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून त्यांनी जुना कॅमेरा आणला होता. त्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून लांबचं पाखरू दिसायचं नाही, म्हणून हा रिफ्लेक्सचा डबा. कॅमेरा आणि लांब लेन्स यांच्यामध्ये तो बसवायचा. लेन्समधून आलेलं चित्र आरसा वर फेकतो आणि वरच्या भिंगात डोळ्याला दाखवतो. दर रविवारी किसनराव हे सगळं तिवईवर चढवून सिपना नदीच्या काठी किलकिल्या पाखराची वाट पाहत बसायचे. एका रविवारी आठ वर्षांचा ललित पाखराच्या मागं खडकावर चढला आणि घसरला. जीपनं परतवाडा, तिथून अमरावती, तोवर गुडघ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पडतं कोण नाही? लेकरं पडतातच. पण रीळ धुऊन आलं, तेव्हा त्यात ललित हवेत होता. हात पसरलेले, तोंड उघडं, खडक पायाखालून सुटलेला. फोटो इतका स्वच्छ, की चड्डीचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं. फोटो धुणाऱ्यानं तो न विचारता स्पर्धेला पाठवला, वर 'उडी' असं नाव दिलं, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पोट्टं प्लास्टरमध्ये विव्हळत होतं आणि किसनराव ढाल घेऊन घरी आले! केशरबाईंनी ती ढाल त्याच दिवशी विहिरीत फेकली. नवऱ्याला मात्र फेकता येत नाही, म्हणून त्याच्यासोबत संसार केला.

"आई, तू यातून एकदा तरी पाह्यलं काय?" ललितनं विचारलं.

"मी काहून पाहू? माह्यं लेकरू पडून राह्यलं अन् बाप फोटो काढून राह्यला! धावला असता तर हात नसता सापडला?"

"एक डाव पाह्य. मंग तूच टाक भंगारात. मी नाही अडवत."

ललितनं डबा ओट्याच्या कठड्यावर ठेवला, लेन्सचं तोंड फाटकाकडं केलं आणि एक कडं हळूहळू फिरवलं. हे सगळं त्याला सरावाचं असल्यासारखं वाटलं, आणि त्याचाही केशरबाईंना राग आला. तरी त्या वाकल्या. चष्मा वर सारून त्यांनी भिंगाला डोळा लावला.

आधी नुसतं धुकं. मग एकदम किसनराव. फाटकाजवळचा माणूस हाताच्या अंतरावर आला होता. पांढऱ्या भुवया, गालावरचा तीळ उजव्याऐवजी डाव्या बाजूला, कानाजवळ दाढी करताना राहिलेले चार केस. इतक्या जवळून त्यांनी नवऱ्याचं तोंड बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हातारा झाला होता बिचारा. बिचारा हा शब्द मनात आला, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

"दिसते काय?"

"दिसते. उलटं दिसते."

"आता ही दांडी दाब. फोटो काढाले हीच दाबा लागते."

त्यांनी दांडी दाबली. खट्ट असा आवाज झाला आणि समोर काळोख पसरला.

"गेलं! कुठं गेलं? मोडलं काय?"

"मोडलं नाही. फोटो घ्यायचा, तर आरसा वर जातो. मंग वरतून काहीच दिसत नाही." ललितचा आवाज तो शिकवणीच्या वर्गात पोरांना समजावतो तसा झाला. "मी बारावीत होतो तवा हा डबा लपून काढला होता. दांडी दाबली, अन् अंधार झाला. तवा मले समजलं. मी हवेत होतो तवा बाबांच्या डोळ्यापुढं अंधार होता, आई. त्यायनं मले पडताना पाह्यलंच नाही."

केशरबाईंना आठवलं. बारावीच्या त्या वर्षापासूनच ललित बापाशी बोलायला लागला होता. त्याआधी तो बापाच्या ताटाशेजारी बसतही नसे.

"मले कधी सांगतलं नाही."

"विषय निघाला का तू भांडालेच लागत होती, आयकत कवा होती?"

त्या पुन्हा भिंगाकडं वाकल्या. अजून काळोखच होता. चाळीस वर्षं त्या ज्या डोळ्यांना शिव्या घालत होत्या, ते डोळे तेव्हा आंधळे होते? मग आपण काय केलं या माणसाचं? कठड्याला धरून त्या सरळ झाल्या.

"अवो," त्यांनी हाक मारली. हाकेत धार नव्हती, म्हणून किसनरावांनी वर पाहिलं. "तुमाले तवा दिसलंच नाही? मंग येवढी वर्सं तोंड काहून नाही उघडलं? मी काय काय बोलली तुमाले!"

किसनरावांनी सुतळी मांडीवर ठेवली.

"अंधार होते, हे खरं हाय," ते म्हणाले. "पण थो दाबल्यावर होते. दाबाच्या आधी दिसते."

"म्हंजे?"

"त्याचा पाय सुटला, थे दिसलं मले. मंग दाबलं."

ललित हसल्यासारखं काहीतरी करून पुढं झाला.

"बाबा, तेवढ्यात माणसाले समजत नाही. पाखरासाठी बोट दांडीवर होतंच, ते आपोआप दाबल्या गेलं असन."

"पाखरू तर कवाच उडालं होतं. तू पडून राह्यला हे समजलं होतं मले," किसनराव म्हणाले. "लई साफ दिसत होता तू. म्हून दाबलं."

याच उत्तरासाठी केशरबाई भांडत आल्या होत्या. ते मिळालं की काय काय बोलायचं, हेही त्यांनी भांडी घासताना, भाकरी थापताना किती वेळा जुळवून ठेवलं होतं. पण त्यांचं लक्ष ललितकडं होतं. तो चांगल्या पायावर भार देऊन उभा होता आणि लेन्सचं झाकण लावत होता. ते काही केल्या बसत नव्हतं. तो ते लहान पोरासारखा पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

केशरबाई ओट्यावरून तरातरा खाली उतरल्या आणि खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मले एकटीले सांगाचं होतं ना!" त्या किंचाळल्या. "मी तं तसंच धरून बसली होती! त्याले काहून सांगतलं?"