उजवा दिवा

हॅलोजनच्या बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी शिवायचं नाही. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याच्या गॅरेजात राबलो. तेवढ्या काळात हे मी हजार वेळा ऐकलं असेल, आणि पुढे शंभर जणांना ऐकवलं असेल, तेही मोठ्या शहाणपणाच्या सुरात. बल्ब धरायचा तो बुडाशी, पत्र्याला. बोटांचं तेल काचेवर राहिलं की दिवा लागल्यावर नेमकी तेवढी जागा जास्त तापते, काच तिथे पांढुरकी होऊन फुगते आणि बल्ब एक तर फुटतो, नाहीतर आजाऱ्यासारखा कसाबसा जळत राहतो. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी आमच्या जंगसन गावच्या बाजारामागे स्वतःचं गॅरेज उघडलं. उघडलं म्हणजे रीतसर उघडलं. दारात पूजेचं टेबल मांडलं, वर उकडलेलं डुकराचं मुंडकं, वाफवलेल्या तांदळाची वडी, दोरा गुंडाळलेला सुका मासा. मी आणि माझी बायको यनजू, दोघांनी कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केले, चार कोपऱ्यांत तांदळाची दारू शिंपडली. मग मुंडक्याचं मांस कापून वाटायला सुरुवात झाली. ते मीच कापत होतो, मालक म्हणून. कोपरापर्यंत चरबी.

तेवढ्यात इनसप काका आपला छोटा निळा ट्रक घेऊन आले. काका म्हणजे इथल्या शाळेच्या बसचे जुने ड्रायव्हर, वय शहात्तर. मलाही त्यांनीच शाळेत पोहोचवलंय. वरच्या वाडीत ते आणि काकू दोघंच राहतात. काकूंच्या किडन्या गेल्यात, म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार काका त्यांना खिंड उतरून डायलिसिसला आणतात. उजव्या दिव्याचा बल्ब गेला होता. म्हणाले, आज तुझा समारंभ आहे, मी उद्या येतो.

उद्या कसं चालेल? पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की दुकान बसलं, असं आमच्या बाजारात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाहुणे ओरडायला लागले, पहिली बोहनी काकांचीच. मी हात पॅन्टला पुसले. हातमोजे अजून खोक्यात बंद होते, स्पिरिटची बाटली मागच्या फळीवर होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. गार झालेला जुना बल्ब काढला, नवा पाकिटातून सरळ काचेला धरून बाहेर ओढला आणि बसवला. अंगठा काचेवर सरकला तेव्हा मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. कळलं होतं, आणि मी मनात म्हटलं, चालतंय. दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी माझ्या हातात दारूची वाटी दिली. मी ती एका दमात संपवली.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी तो ट्रक टोचन करून माझ्या दारात आणला गेला. उजवी बाजू चेपलेली, आरसा लोंबकळत होता. मागोमाग काका आले, पायी. हातात किमचीचा, आंबवलेल्या तिखट कोबीचा, डबा होता. काकूंनी माझ्या दुकानासाठी वेगळी घातलेली किमची, अपघाताच्या आधीच भरून ठेवलेली.

काकांनी जे सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी डायलिसिसहून परतताना खिंडीत धुकं होतं. वळणावर उजवीकडचा बांध त्यांना दिसलाच नाही. ट्रक त्यावर घासत जाऊन गटारात बसला. काकूंचं कपाळ पुढे आपटलं, पाच टाके पडले. आठवडाभर काकांना उजवीकडचा रस्ता अंधूकच वाटत होता, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते उजव्याच डोळ्याचं.

"डोळा गेला रे माझा," काका म्हणाले. "दिवा तर तू नवा घातलेलास. मग डोळाच गेला की."

काका पुढे सांगत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची त्यांची छाती होत नव्हती, डॉक्टर काय सांगणार ते ठाऊकच आहे म्हणे. मुलगा फोनवर रडला. शुक्रवारी काका लायसन परत करणार होते. म्हाताऱ्यांनी आपणहून परत केलं की कचेरीतून शाबासकी मिळते, एक भेटकार्डही मिळतं. मग घर बंद करायचं आणि दोघांनी मुलाच्या शहरातल्या फ्लॅटवर जायचं, कारण ट्रक नाही तर वाडीत राहून काकूंना दवाखान्यात नेणार कोण? काकूंचा जन्म त्या वाडीतलाच. ट्रक दुरुस्त करून कोणालातरी दे, असं सांगून काका निघाले. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून मग पाऊल टाकलं.

ते गेल्यावर मी बॅटरीची वायर जोडली आणि दिवे लावले. समोरच्या भिंतीवर डावा उजेड स्वच्छ पडला. उजवीकडे नुसता पिवळट डाग. बल्ब गार होऊ दिला, या वेळी हातमोजे घातले, चष्मा लावला, बुडाला धरून बाहेर काढला. काचेवर एका बाजूला पांढुरका फोड आला होता आणि त्याच्या कडेला तपकिरी जळका ठसा, अंगठ्याच्या आकाराचा.

तेव्हाच धावत जायला हवं होतं. काका अजून बस थांब्यावरच असतील. पण मी तो बल्ब भंगाराच्या पिंपात टाकला. मग काढला. मग पुन्हा टाकला. दुकान नुकतं कुठे चालायला लागलं होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाचा ट्रक माझ्या हाताने गटारात गेला हे बाजारात कळलं, तर कुत्रं इकडे फिरकणार नाही, असा हिशेब मी करत होतो. वर स्वतःची समजूतही घालत होतो, की धुकं तर होतंच, वय तर झालंच आहे, आज ना उद्या लायसन द्यायचंच होतं. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो ते मला त्या दोन दिवसांत कळलं. गुरुवारी तर मी काकांना फोन करून आरसा नवा टाकू का म्हणून विचारलं. बाकी काही बोललो नाही.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला यनजूने काकूंची किमची वाढली. मी ती ताटाच्या कडेला सारली. तिने विचारलं आणि मी सगळं ओकलो. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, तो माणूस स्वतःला आंधळा समजून झोपला असेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे जेवताय."

शुक्रवारी कचेरी नऊला उघडते. मी साडेनऊला पोहोचलो, कारण सकाळी आठला एक गाडी आली आणि मी तिचं ऑइल बदलत बसलो. का बसलो, हे मला विचारू नका. बल्ब फडक्यात गुंडाळून चहाच्या रिकाम्या डब्यात घातला होता. आत दाबाने वायू भरलेला असतो, फुगलेला बल्ब कधी फुटेल याचा नेम नाही. डबा छातीशी धरून मी आत गेलो, तेव्हा काका आणि काकू बाकावर बसले होते. काकूंच्या कपाळावर पट्टी होती. काकांच्या हातात भेटकार्डाचं पाकीट होतं.

मी उभ्या उभ्या सांगितलं. डुकराची चरबी, काच, अंगठा, भिंतीवरचा डाग, बुधवार, सगळं. डबा उघडून दाखवला. काकांनी बल्बकडे फार वेळ पाहिलं नाही. त्यांनी हळूच तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि खिडकीतून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. मोठी अक्षरं वाचली. मग खालची छोटी. मग अगदी खालचा फोन नंबर, एकेक आकडा सुटा करून. तीन दिवसांत त्यांनी हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. भीतीच तेवढी होती.

"दिसतंय गं," ते काकूंना म्हणाले. "सगळं दिसतंय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही. "बुधवारपासून हा माणूस भिंतीला हात लावून मोरीत जातोय," त्या म्हणाल्या. "तुला बुधवारीच कळलं होतं ना?"

मी हो म्हटलं. माफी मागताना गुडघे टेकले, कपाळही टेकलं. चार माणसं बघत होती, बघू देत. काकांनी मला उठवलं, आणि ते मला शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली, पण त्यांनी दिल्या नाहीत. ते काउंटरवर गेले आणि लायसन परत मिळेल का म्हणून विचारलं. तिथली मुलगी बिचारी रडकुंडीला आली. नऊ वाजून दहा मिनिटांनी नोंद झाली होती. आता लेखी परीक्षेपासून सगळं नव्याने द्यावं लागणार होतं, गाडी चालवून दाखवायची ती वेगळी. बेचाळीस वर्षं काकांनी शाळेची बस चालवली होती.

"देतो की," काका म्हणाले. "पुस्तक कुठे मिळतं?"

काकूंनी पाकीट त्यांच्या हातातून घेऊन काउंटरवर ठेवलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "उद्या शनिवार. सकाळी साडेसहाला वर ये."

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी खिंड चढतो. ट्रक दुरुस्त केला, दोन्ही बाजूंचे बल्ब नवे घातले. बाजारात सगळ्यांना कळलंय, मीच सांगितलं. गिऱ्हाइकं थोडी तुटली, बाकीची येतात. मुलाने शहरातली खोली तूर्त तशीच ठेवलीय. काकांची परीक्षा जानेवारीत आहे. पास झाले तर घर राहील. नाहीतर काकू वाडी सोडतील, आणि ती मी सोडायला लावली असेल.

ट्रकात आम्ही तिघं पुढे बसतो. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, तिथे मी, काकू मध्ये आणि काका उजवीकडे खिडकीशी. खिंड सुरू झाली की काका बोलायला लागतात. उजवीकडे सायकलवाला. उजवीकडे बांध, दोन हात. उजवीकडे कुत्रं, पुढे एक पिल्लू. मी ट्रकाचा वेग कमी करतो आणि म्हणतो, हो काका, दिसलं. खरं म्हणजे मला ते त्यांच्यानंतर दिसतं, दर वेळी.