कापलेल्या पट्ट्यातला गहू

“हा गहू इथं कुणी टाकला?” व्हर्लननं मातीतले दाणे मुठीत घेतले आणि ट्रिपच्या नाकासमोर धरले.

“मीच. काल संध्याकाळी, चार पोती,” ट्रिप म्हणाला. “तुमच्या सूर्यफुलांवर होले किती आहेत, बघितलंत ना काका? मोजून अकरा पाखरं! दुपारी बाराला शिकार सुरू होणार, वीस पाहुणे बंदुका घेऊन आलेत. त्यांनी काय फुलं हुंगत बसायचं?”

“अरे बाबा, उभं पीक कापून पाडलेलं चालतं. बाहेरचा दाणा आणून फेकला, की ते आमिष झालं. गुन्हा आहे तो!”

“कुणाला दिसतोय?”

“मला दिसला की.”

व्हर्लन टॅकेट टेनेसीतल्या या प्रुइटांच्या शेतात तेवीस वर्षं सूर्यफुलं लावत होता. तेलासाठी नाही, विकायला नाही. होल्यांनी यावं आणि खाताखाता माणसांच्या बंदुकीला सापडावं, एवढ्यासाठी. विचार केला तर उद्योग विचित्रच. पण व्हर्लननं तो जीव ओतून केला. यंदा हरणांनी कोंब खुडले, तर त्यानं तारा ओढून पुन्हा पेरलं. होल्याला मोकळ्या मातीवर चालत दाणा टिपायला लागतो, म्हणून कापलेले पट्टे त्यानं अंगणासारखे स्वच्छ ठेवले. दुबार पेरणीमुळे पीक आठवडाभर मागे पडलं होतं, एवढंच. होले आज ना उद्या उतरणारच होते.

थोरले प्रुइट असते तर त्यांनी नेहमीसारखी व्हर्लनशेजारी बसून वाट पाहिली असती. ते हिवाळ्यात गेले आणि शेत मुलाच्या, ट्रिपच्या, हाती आलं. “पेकानच्या झाडाखालची माझी बसायची जागा माझ्यामागं तुझी, व्हर्लन,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. आज तिथं ट्रिपनं बँकेच्या साहेबांची खुर्ची मांडली होती.

“सगळ्यांना परत पाठव, ट्रिप. मी तुझ्या पाया पडतो.”

ट्रिप हसला. “काका, ओपलकाकूंना ऑक्सिजन लावलाय ना अजून? आपल्याच घरात ना त्या?”

‘आपल्याच’ म्हणजे प्रुइटांच्या. व्हर्लननं मुठीतले दाणे खाली सोडले.

बाराला पहिले बार झाले आणि दहाच मिनिटांत वनखात्याची गाडी बांधावर येऊन थांबली. डार्ला स्पिव्ही उतरली. सूर्यफुलं कशी लावावीत हे दाखवायला ती नव्या शेतकऱ्यांना व्हर्लनच्याच शेतात घेऊन येई. तिनं पट्ट्यातून चालत जाऊन मूठभर गहू उचलून आणला.

“हे कुणाचं काम?”

“पेरणीबिरणीचं सगळं व्हर्लनकाकाच बघतात,” ट्रिप पटकन म्हणाला. “वय झालं हो आता त्यांचं.”

डार्ला व्हर्लनजवळ आली. “तुम्ही हे करणार नाही, मला माहीत आहे. फक्त तसं म्हणा. पुढचं मी बघते.”

व्हर्लनला ओपलच्या नाकातली नळी दिसत होती.

“मीच टाकला,” तो म्हणाला.

निदान एखाद्यानं तरी ‘छे, भलतंच काय!’ म्हणावं असं त्याला फार वाटलं. तेवीस वर्षं ही माणसं त्याच्या शेतात शिकार करत होती, ओपलच्या हातचं खात होती. कुणालाही नवल वाटलं नाही. बँकेचे साहेब घड्याळ बघत “म्हातारचळ, दुसरं काय!” म्हणाले आणि बंदूक पिशवीत घालू लागले. डार्लानं मान खाली घालून दंडाची चिठ्ठी लिहिली. गहू वेचून टाकल्यावरही दहा दिवस शेत शिकारीला बंद राहणार होतं.

“घराची काळजी करू नका, काका,” जाताना ट्रिपनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “फक्त पुढच्या वर्षी शेताला दुसरा माणूस बघतो. लोक काय म्हणतील?”

चार वाजता शेतात कुणी उरलं नाही. व्हर्लन पेकानखाली जाऊन खुर्चीत बसला. चिठ्ठी अजून त्याच्या मुठीत होती.

उन्हं कलली आणि नदीकडून होले आले. आधी वीस-पंचवीस, मग थवेच्या थवे. थोरल्या प्रुइटांच्या वेळीही एवढे कधी उतरले नव्हते. ते गहू तुडवत पुढं गेले आणि सूर्यफुलांच्या बिया टिपू लागले. गव्हाला एकानंही चोच लावली नाही.

ते दाखवायला व्हर्लननं सवयीनं शेजारी वळून पाहिलं.